करवतीचं वजन

हे लिहायचं नव्हतं. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. शेवटी ज्याची गोष्ट आहे त्यालाच जाऊन विचारलं. तो म्हणाला, "लिही. झालं तेवढंच लिही. आणि मला वाचून दाखवू नकोस." म्हणून आता बसलोय.

तर त्याला सगळे घुम्या म्हणतात. आज विचारलं तर उद्या उत्तर येणार, तेही आलं तर. त्याचा जोडीदार भोंगा. भोंग्याने डोंगराच्या या अंगाला हाक मारली की त्या अंगाची गुरं मान वर करायची. लहानपणापासून दोघं एकत्र, आणि मिसरूड फुटल्यापासून करवतकामातही एकत्र.

गिरणीपर्यंत ओंडका न्यायला जिथे रस्ताच नाही, तिथे ही जोडी जायची आणि जागेवर फळ्या काढून द्यायची. वाशांची उंच माची बांधायची, ओंडका तिच्यावर चढवायचा. एक जण वर ओंडक्यावर उभा, एक जण खाली. मध्ये माणसाहून लांब करवत. वरच्याने उचलायची, खालच्याने ओढायची. लाकूड कापलं जातं ते खाली ओढताना. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत, कानांत, सदऱ्यात. उचलायचं ओझं सगळं वरच्याच्या छातीवर. घुम्या खालचा, भोंगा वरचा. कोण कुठे हे कधी ठरवलंही नव्हतं. भोंग्याला वरून बोलायला आवडायचं आणि घुम्याला तोंड मिटून काम करायला आवडायचं. भुशात तोंड मिटलेलंच बरं.

या कामात पाप एकच. खालच्याने ढकलायचं नाही. ओढून झालं की हात सैल सोडायचे, वर नेणं वरच्याचं काम. खालून ढकललं की पातं लवतं, रेघ सुटते, फळी बिघडते. दोघांना शिकवलं भोंग्याच्या बापाने. म्हातारा म्हणायचा, "बैलाला ढकला, भिंतीला ढकला, करवतीला ढकलाल तर हात मोडीन."

तापाची साथ जोरात होती तेव्हा पलीकडच्या उतारावर एक ओला ओंडका निम्मा चिरून झाला होता. सकाळी घुम्या उठला तो अंगात कणकण घेऊनच. घशात काटे.

"कपाळ तापलंय तुझं," आई म्हणाली. "आज राहू दे."

"ओला ओंडका आहे. अर्धा सोडला की चीर आवळते. मग पाचरही आत जात नाही."

"मग त्याला सांग तरी, ताप आहे म्हणून."

"सांगतो."

नाही सांगितलं. सांगितलं असतं तर भोंग्याने घरी पाठवलं असतं, आणि ओंडका वाया गेला असता तर नाव दोघांचं गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्याला वाटलं, काय होतंय! पाण्याची बाटली दोघांत एक. एकाच बाटलीला दोघांनी तोंड लावलं, दिवसभर.

घुम्या चार दिवस निजला आणि उठून कामाला लागला. भोंगा नाही उठला. त्याला शहरात नेला. नाकात नळी, तोंडावर मुखवटा, पालथा निजवलेला. घुम्याला आत सोडत नव्हते. तो दवाखान्याच्या भिंतीपाशी उकिडवा बसून राहायचा. खिडकी कुठली हे माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याच खिडक्यांकडे बघायचा.

भोंगा घरी आला तो निम्मा होऊन. आणि आवाज गेलेला. म्हणजे होता, पण दोन शब्दांमागे एक श्वास. "ये... बस." मग थांबायचा. "चहा... घेणार?" उंबरठ्यापासून मोरीपर्यंत गेला की भिंत धरायचा. कोरडा खोकला, काही सुटायचं नाही. बायको पाठीवर हात ठेवून उभी राहायची, तर म्हणायचा, "घोड्याला... थोपटतेस का?"

तपासणीला घुम्या बरोबर गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायच्या. छातीचा फोटो उजेडाकडे धरून म्हणाल्या, "आजार गेलाय. विषाणू केव्हाच गेला. पण त्याच्याशी लढायला शरीराने जी फौज पाठवली, ती परत जायला तयार नाही. तिचाच हा धुडगूस. फुफ्फुसाला सूज आहे, हे पांढरं दिसतंय ते."

"जाईल का?" भोंग्याच्या बायकोने, वहिनीने, विचारलं.

"बरीचशी जाऊ शकते. म्हणून तर गोळ्या. पण जिना उतरतो तशा, एकेक पायरीने कमी करायच्या, आणि मी सांगेन तेव्हाच. मध्येच उडी मारायची नाही. सूज तशीच राहिली तर तिथे वण धरतो, आणि वण धरलेला भाग पुन्हा हवा घेत नाही." मग बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा दिला. "हा चालून आल्यावर लावायचा. बसल्या जागी सगळ्यांचाच आकडा चांगला येतो. आणि धूळ, धूर, भुसा, जवळसुद्धा जायचं नाही."

"भुसा नाही... मग पोट... कशावर?" भोंगा म्हणाला.

"आधी श्वास, मग पोट."

घुम्या कोपऱ्यात उभा होता. बाईंनी सहज विचारलं, "घरात आधी कोणाला झालं होतं?" वहिनी म्हणाली, "कोणालाच नाही. कुठून आलं देव जाणे." घुम्याने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक रिक्षा उभी होती. तिच्या टपावर कावळा बसला होता.

गोळ्यांनी भोंग्याचं तोंड सुजलं, भूक राक्षसासारखी लागली, झोप उडाली. "आधी भोंगा होतो," तो म्हणायचा, "आता भोपळा झालो." पण गुण आला. खोकला कमी झाला. दोन शब्दांचे चार झाले, चाराचे सहा. गोळ्या एक पायरी उतरल्या, मग दुसरी. आणि एके दिवशी तो घुम्याच्या दारात येऊन उभा राहिला. घामाघूम, पण उभा.

"पोल्ट्रीवाल्याचं झाड पडलंय. त्याला शेडला फळ्या हव्यात. मी हो म्हटलंय."

"बाई नाही म्हणाल्यात."

"भुशात जाऊ नको म्हणाल्यात. भुसा खाली पडतो. मी वर असतो. नाकाला ओलं फडकं बांधीन, मग तर झालं?" भोंगा पुढे सरकला. "हे बघ, घरात बसून बायकोच्या जिवावर गिळतोय. पोरगी मला विचारते, बाबा तू म्हातारा झालास का? तुला नसेल यायचं तर सांग. मी दुसरा खालचा बघतो."

खरं म्हणजे तिथेच नाही म्हणायचं होतं. पण ज्याच्या छातीत आपण काटा पेरला, त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? घुम्या म्हणाला, "येतो."

आतून आई ऐकत होती. भोंगा गेल्यावर म्हणाली, "त्या दिवशीचं सांगितलंस का त्याला?"

"काय?"

"मला विचारतोस काय म्हणून?" तिने भांडं जरा जोरातच आपटलं.

पोल्ट्रीवाल्याच्या कुंपणामागे माची उभी राहिली. ओंडका चढवला, सूत मारून रेघा आखल्या. भोंग्याचा हात आखताना अजून तसाच होता, केस हलणार नाही. करवत लावली. पहिल्या काही ओढींतच घुम्याला कळलं. करवत वर जाताना मध्येच अडखळत होती. वरून फू फू आवाज येत होता. फडक्यामागे तोंड उघडं पडलं होतं.

घुम्याचे हात सैल सुटायचे, ते सुटले नाहीत. त्याने खालून ढकललं. थोडंसंच.

करवत वर गेली. सहज.

"अरे!" वरून आवाज आला. "चालतेय की!"

त्या दिवसापासून घुम्या ओढायचाही आणि ढकलायचाही. दोन माणसांचं काम एकट्याने, आणि तेही चोरून. कारण जास्त जोर लावला तर वरच्याला मूठ हातातून निसटल्यासारखी लागली असती. म्हणून अंदाजाने, भोंग्याच्या जोरात आपला जोर मिसळून. दूधवाला पाणी मिसळतो तसं. खांद्याच्या खोबणीत आग व्हायची. घरी गेल्यावर हात डोक्याच्या वर जायचा नाही, आई सदरा काढून द्यायची आणि ओठ आवळायची. पण घुम्याला त्या दुखण्याची गोडी लागली होती. वाटायचं, फिटतंय. रोज थोडं थोडं फिटतंय.

फळ्या मात्र खोटं बोलत नव्हत्या. पहिली उतरवली, तिच्या अंगावर लाटा.

पोल्ट्रीवाला बोट फिरवत म्हणाला, "काय हो, फळी आहे का पत्रा? कोंबड्यांना चालेल म्हणा. त्या काही तक्रार करत नाहीत."

भोंगा वरमला. फळीकडे बघत राहिला. "दात बिघडलेत करवतीचे," म्हणाला. "इतके दिवस पडून होती ना." मग संध्याकाळभर अंगणात बसून, एकेका दाताला कानस लावून, डोळा मिटून धार बघत राहिला. लोखंडाची बारीक धूळ उडत होती आणि वहिनी ओरडत होती. घुम्या समोर बसून करवत धरून होता. दातांना काही झालेलं नव्हतं. तो म्हणू शकला असता. त्याने पातं घट्ट धरलं.

दुसरी फळीही तशीच आली. भोंग्याने पुन्हा कानस काढली.

पण त्याची छाती फुगायला लागली होती. हवेने नव्हे, अभिमानाने. तो वरून पुन्हा बोलायला लागला. पोल्ट्रीवाल्याच्या मालावर, त्याच्या नव्या मिशीवर, घुम्याच्या लग्न न होण्यावर. "तुला बायको मिळाली असती रे, पण तिला वाटलं असतं नवरा भिंतीत चिणलाय!" घुम्या खाली हसायचा, भुसा तोंडात जायचा.

एका दुपारी जेवायला बसले. भोंग्याने डबा उघडला आणि म्हणाला, "गोळ्या बंद केल्या मी."

घुम्याचा घास हातातच राहिला. "कधी?"

"झाले काही दिवस. बायकोला सांगू नको. पुडी उघडतो आणि मोरीत टाकतो."

"बाई म्हणाल्या होत्या, उडी मारायची नाही."

"बाईंनी करवत धरलीय का कधी? माझी छाती माझ्यापेक्षा त्यांना कळते? अरे, पूर्वीपेक्षा हलकी लागतेय करवत! फुलासारखी वर येते. छाती बरी झाल्याशिवाय होतंय का हे? आणि हे बघ." त्याने बोटाला चिमटा लावला. निवांत बसला होता, सावलीत, जेवण पुढ्यात. आकडा चांगला आला. "बघितलंस?"

घुम्याच्या ओठापर्यंत आलं होतं. दोनच शब्द होते. मी ढकलतो. त्याच वेळी पलीकडच्या बांधावरून कोणीतरी चाललं होतं, आणि भोंग्याने तोंडाशी हात नेऊन हाक मारली. पूर्वीसारखी नाही, फाटकी. पण हाक. तो माणूस वळला आणि हात हलवला. भोंगा घुम्याकडे बघून असा हसला, जसं पोराने पहिल्यांदा शीळ घातल्यावर हसावं.

घुम्याने शब्द घासाबरोबर गिळले.

घरी जाताना त्याने ठरवलं. त्याची सगळ्यात मोठी चूक हीच, त्या तापाहून मोठी. त्याने ठरवलं, तोंडाने सांगायचं नाही, हाताने सांगायचं. उद्या ढकलायचं नाही. करवतीला तिचं वजन परत द्यायचं. भोंग्याला आपोआप कळेल, तो थकेल, खाली उतरेल, म्हणेल, जमत नाही रे, गोळ्या सुरू करतो. मग कोणीच कोणाला काही सांगायला नको. इतकं सोपं वाटलं त्याला की रात्री झोपही लागली.

सकाळी त्याने हात सैल सोडले.

करवत अडखळली. "दात," वरून भोंगा म्हणाला. मग पुन्हा उचलली. खालून घुम्याने ओढली, सोडली. वर जाताना ती इतक्या सावकाश जात होती की एकेक दात मोजता आला असता. आता थांबेल, घुम्याला वाटलं. आता थांबेल. पण भोंग्याला थोडंच माहीत होतं की काल ती हलकी का होती? त्याला वाटलं, काल जमलं ते आज का नाही? लोक म्हणतील सोंग आणलं. त्याने दात खाल्ले आणि उचलली. पुन्हा उचलली. बोलणं बंद. फू फू बंद. नुसताच एक बारीक, शिट्टीसारखा आवाज.

घुम्या मान वर करून बघायला गेला, भुसा डोळ्यांत गेला. डोळे चोळून बघतो तर भोंग्याचे ओठ जांभळे.

"उतर!" घुम्या ओरडला. त्याचा ओरडा त्या रानात कोणी कधी ऐकला नव्हता. पोल्ट्रीतल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

भोंग्याने मूठ सोडली नाही. मुठीवरच वाकला, गुडघ्यात मोडला, आणि कलंडला. घुम्या खालीच होता म्हणून. भोंगा त्याच्या अंगावर पडला, दोघं भुशात पडले. करवत चिरेत तशीच लटकत राहिली.

पोल्ट्रीवाल्याने कोंबड्यांच्या टेम्पोतून नेलं. मागे रिकाम्या जाळ्यांच्या मध्ये घुम्या बसला, भोंग्याला छातीशी टेकवून. पिसं उडत होती. भोंगा श्वास ओढत होता आणि तो आत जात नव्हता. घुम्या प्रत्येक श्वासाबरोबर स्वतःची छाती फुगवत होता. इथे खालून ढकलायला काही नव्हतं.

पुन्हा नळी. पुन्हा मुखवटा. बाई बाहेर आल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. "गोळ्या कोणी बंद केल्या?"

वहिनी म्हणाली, "बंद नाही केल्या, मी रोज हातात देते."

"मोरीत टाकायचा," घुम्या म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. आणि मग जे आलं ते सगळंच आलं. ओला ओंडका, कणकण, बाटली. मग ढकलणं, मग न ढकलणं. आयुष्यात इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. बाई ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "ताप तुमच्याकडून आला की आणखी कुठून, ते आता कोणीच सांगू शकत नाही. बाकीचं मात्र त्याला सांगा. त्याला कळलं पाहिजे की त्याची छाती नेमकी कुठे आहे." आणि आत गेल्या.

वहिनीने पदर तोंडाला लावला होता. तो काढला. "भावजी, मला वाटत होतं घरात एकच गाढव आहे."

"हो, वहिनी."

"हो काय! माझ्या हाताने चहा पिऊन जात होतात रोज. रोज! आणि मला एका शब्दाने नाही?" ती बाकावर त्या टोकाला जाऊन बसली. घुम्या या टोकाला. मध्ये जागा तशीच. बऱ्याच वेळाने तिने पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली, बघितलं नाही. घुम्याने उचलली, आणि तोंड न लावता, वरून प्यायला.

भोंगा वाचला. बाई म्हणाल्या, थोडक्यात. खालच्या एका भागात वण धरलाय, तो आता तसाच राहील. बाकीचं हाती आहे, गोळ्या पुन्हा पहिल्या पायरीपासून.

त्याला सांगायला घुम्या गेला तेव्हा भोंगा उशांना टेकून बसला होता. तोंड पुन्हा सुजायला लागलेलं. घुम्याने तापापासून सुरुवात केली.

"ते... माहीत होतं," भोंगा म्हणाला.

"काय?"

"अरे, दिवसभर... थरथरत होतास. करवतीत कळतं. मला वाटलं, ओंडका... होऊ दे. मीही... नाही बोललो." श्वास घेतला. "त्याचं मनात... ठेवू नको."

घुम्याला वाटलं, जमीन जरा वर आली पायांखाली. मग त्याने ढकलण्याचं सांगितलं.

भोंगा गप्प झाला. भोंगा गप्प म्हणजे काय ते घुम्यालाच ठाऊक.

"म्हणून... फळ्यांना लाटा," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मी दात... कानसत बसलो. वेड्यासारखा. आणि तू समोर... पातं धरून."

"हो."

"ताप दिलास... लेका, चालेल. ताप कोणीही देतो." त्याचे डोळे भरले आणि त्याला त्याची लाज वाटली, त्याने भिंतीकडे तोंड केलं. "पण मी बायकोला सांगितलं... पोरीला सांगितलं... की बाबा बरा झाला. ते माझं... नव्हतंच. जा तू आता."

घुम्या गेला. रोज जायचा, दारापर्यंत. वहिनी म्हणायची, झोपलेत. आतून खोकल्याचा आवाज यायचा. तो परत यायचा. पोल्ट्रीवाल्याचं उरलेलं काम त्याने दुसऱ्या एकाला वर उभं करून संपवलं. फळ्या सरळ आल्या. पोल्ट्रीवाला म्हणाला, "वा! आता कोंबड्या आरशात बघतील." घुम्याला हसू आलं नाही.

मग एका सकाळी भोंग्याची पोरगी आली. "बाबांनी बोलावलंय. करवत घेऊन."

अंगणात भोंग्याने दोन उंच खुंटांवर जुना, अर्धवट चिरलेला ओंडका टेकवायला लावला होता. भुसा पुसलेला, चीर पाण्याने भिजवलेली. वहिनी दारात, हातात चिमटा. तिचं तोंड असं, की हे मला पसंत नाही पण माझं इथे ऐकतो कोण.

"बाईंना विचारलंय," भोंगा म्हणाला. बोलणं पुन्हा चार शब्दांवर आलं होतं. "कापायचं नाही म्हणाल्या. नुसती उचलून बघ. जमेल तेवढी."

करवत जुन्या चिरेत सोडली. भोंगा पायरीवर चढून वर उभा राहिला, मूठ धरली. घुम्या खाली बसला, खालची मूठ धरली.

"धर. पण जोर लावू नको."

भोंग्याने उचलली. करवत सावकाश, कुरकुरत वर आली. घुम्याच्या हातांना सवय होती. ते उठायला बघत होते, खांद्यातून आपोआप जोर येत होता. त्याने बोटं सैल केली. मित्राची छाती सदऱ्याआड वरखाली होताना दिसत होती, आणि त्याने बोटं सैलच ठेवली. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी करवत मध्येच थांबली आणि परत खाली आली.

वहिनी लगेच पुढे झाली, बोटाला चिमटा लावला. आकडा बघून तिने भोंग्याला पायरीवर बसवलं. पोरगी बापाच्या गुडघ्याला टेकून उभी होती.

बऱ्याच वेळाने भोंग्याला श्वास सापडला.

"जड आहे रे."

"आहे," घुम्या म्हणाला.

"दोन झाल्या. अडीच."

"अडीच."

"उद्या परत बघायची." त्याने घुम्याच्या खांद्याकडे बघितलं, जिथे सदरा झिजून पांढरा पडला होता. "जमेल न जमेल. पण तू खालून हात लावायचा नाहीस. मी पडलो तरी... धर, पण उचलून देऊ नको. आणि ताप आला तर तोंडाने सांग. काहीही असलं तर तोंडाने."

घुम्याने खाली बघितलं, मग वर. यावेळी उत्तर उद्यावर गेलं नाही.

"नाही लावणार," तो म्हणाला. "आणि सांगेन."